मोरोक्कोच्या सुलतानाला उशिरा गेलेलं उत्तर

"आमच्या मुलखात सोन्याच्या किंवा चांदीच्या खाणी नाहीत." एखाद्या देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष परक्या बादशहाला पत्र लिहितोय आणि त्यात असं वाक्य, हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच वाटेना. तारीख १ डिसेंबर १७८९, गाव न्यूयॉर्क (राजधानी तेव्हा तिथेच होती), लिहिणारे जॉर्ज वॉशिंग्टन आणि पत्र जातंय मोरोक्कोचे सुलतान सिदी मोहम्मद बिन अब्दुल्ला यांना. पुढे ते सांगतात की हा कोवळा देश एका लांबलेल्या युद्धाच्या नासधुशीतून आत्ता कुठे सावरतोय, शेती आणि व्यापारातून पैसा जमवायला अजून सवडच मिळालेली नाही, पण आमची जमीन चांगली आहे, माणसं कष्टाळू आहेत, आणि हळूहळू आम्हीही आमच्या मित्रांच्या उपयोगी पडू अशी आशा बाळगायला जागा आहे.

इतकं सरळ. आपण गरीब आहोत हे सांगताना ना रडगाणं ना लाचारी. मी हे पत्र कितीतरी वेळा वाचलंय आणि प्रत्येक वेळी वाटतं की अमेरिकेच्या स्थापनेबद्दल आपल्याला जे काही माहीत असतं, समुद्रात फेकलेल्या चहाच्या पेट्या, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, युद्ध, त्यात हे पत्र कुठेच का नसतं.

याच्यामागची गोष्ट बारा वर्षं आधी सुरू होते आणि तिची सुरुवात अमेरिकेनं केलेली नाही, सुलतानांनी केलीय, हे मला आधी सांगायचंय. २० डिसेंबर १७७७ ला त्यांनी आपल्या बंदरांमधल्या परदेशी वकिलांना आणि व्यापाऱ्यांना कळवलं की ज्या देशांचा इथे कुणी प्रतिनिधी नाही त्यांचीही जहाजं आमच्याकडे मोकळेपणानं येऊ देत, माल उतरवू देत, रसद भरू देत, आणि त्या यादीत रशियन, प्रशियन वगैरे मंडळींबरोबर अमेरिकनही होते. आता त्याच आठवड्यात अमेरिकेत काय चाललं होतं बघा. आदल्याच दिवशी, १९ डिसेंबरला, वॉशिंग्टन यांचं थकलेलं सैन्य व्हॅली फोर्जला हिवाळ्याच्या छावणीसाठी पोचलं होतं, पुष्कळांच्या पायात धड बूट नव्हते, फिलाडेल्फिया ब्रिटिशांच्या ताब्यात होतं आणि काँग्रेस, म्हणजे अमेरिकेच्या प्रतिनिधींची सभा, तिथून निघून यॉर्क नावाच्या छोट्या गावात बसली होती. ज्या देशाला स्वतःची राजधानी हातात ठेवता आली नव्हती त्या देशाच्या झेंड्याला मोरोक्कोनं आपल्या बंदरात जागा दिली, आणि फ्रान्सचा प्रसिद्ध तह व्हायला अजून दीड महिना बाकी होता. सगळ्यात आधी मान्यता कुणी दिली यावर वाद घालायचा तर घालता येईल, पण क्रम हा असा आहे.

सुलतानांना यातून काय हवं होतं? व्यापार हवा होता, आणि तो त्यांना अगदी मनापासून हवा होता. १७२७ मध्ये तेव्हाचे सुलतान मौलाय इस्माईल वारले आणि त्यानंतर तीसेक वर्षं मोरोक्कोत भाऊबंदकी, बंडाळी, सैन्यानं एकाला बसवायचं दुसऱ्याला उतरवायचं असा गोंधळ चालला होता. १७५७ मध्ये सिदी मोहम्मद गादीवर आले तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न साधाच होता की पैसा आणायचा कुठून, कारण डोंगरातल्या टोळ्यांकडून सारा वसूल करायचा म्हणजे दरवर्षी फौज घेऊन जायचं, त्यापेक्षा बंदरावर जकात घेतलेली बरी. म्हणून त्यांनी १७६० च्या दशकात अटलांटिकच्या काठावर मोगादोर शहर नव्यानं उभं केलं, एका फ्रेंच इंजिनिअरकडून आखणी करून घेतली (आजचं एसाविरा ते हेच), स्वीडन, व्हेनिस, फ्रान्स अशा एकेका देशाशी तह केले, आणि १७६९ मध्ये पोर्तुगीजांकडून माझागानचा किल्लाही परत घेतला. म्हणजे हातात तलवार होती, पण भरवसा जकातीवर आणि कागदावर होता. अशा माणसाच्या नजरेला समुद्रापलीकडे एक नवा देश दिसला की तो पहिलं काय करणार, पत्र पाठवणार.

पत्रं गेलीही. साले बंदरात एतिएन दॉदिबेर काईय नावाचा एक फ्रेंच व्यापारी होता, ज्या देशांचा मोरोक्कोत कुणीच वकील नाही त्या सगळ्यांचा वकील म्हणून सुलतानांनी त्यालाच नेमलं आणि त्यानं १७७८ मध्ये पॅरिसमधले अमेरिकेचे वकील बेंजामिन फ्रँकलिन यांना लिहिलं की सुलतानांना तुमच्याशी स्नेह करायचाय. फ्रँकलिननी उत्तर दिलं नाही. त्यांना या मध्यस्थाबद्दल बरं ऐकायला मिळालं नव्हतं. मग त्यानं थेट काँग्रेसला लिहिलं. काँग्रेसनं १७८० च्या डिसेंबरात फ्रँकलिनना सांगितलं की सुलतानांपर्यंत आमची मैत्रीची भावना पोचवा. आणि मग पुन्हा शांतता. युद्ध होतं हे कबूल, पैसे नव्हते हेही कबूल, पण १७८१ गेलं, ८२ गेलं, ८३ मध्ये तर ब्रिटनशी तहसुद्धा झाला, तरी सुलतानांच्या माराकेशला कुणी फिरकलं नाही.

इथे मला माझ्या वडिलांची एक सवय सांगावीशी वाटते. घरी आलेल्या प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात ते लाल पेन्सिलीनं बारीक अक्षरात "उ. दि." असं लिहून पुढे तारीख टाकायचे, म्हणजे उत्तर दिलं, आणि ज्याच्यावर ही खूण नाही ते पत्र तारेच्या हुकाला लावायचं नाही असा नियम होता, ते टेबलावरच राहायचं, येताजाता दिसत. लग्नपत्रिका असो, सोसायटीची नोटीस असो की गावाकडच्या कुणा दूरच्या चुलत्याचं चार ओळींचं कार्ड असो. पत्राला उत्तर न देणं म्हणजे समोर उभ्या असलेल्या माणसाला बस न म्हणणं, असं ते म्हणायचे. सुलतानांच्या बाजूनं ही सात वर्षं बघताना मला ते टेबल दिसतं.

सात वर्षांनी सुलतानांचा धीर सुटला. ११ ऑक्टोबर १७८४ ला मोरोक्कोच्या जहाजांनी बेट्सी नावाचं अमेरिकन व्यापारी गलबत पकडलं, कादिझहून फिलाडेल्फियाला निघालेलं. पण सुलतानांनी लगेच जाहीर केलं की अमेरिकेशी तह झाला की जहाज, माल आणि माणसं सगळं परत मिळेल, त्या खलाशांना गुलाम म्हणून विकलं नाही, आणि स्पेननं मध्यस्थी केल्यावर दुसऱ्या वर्षी ती माणसं सोडूनही दिली. शेजारच्या अल्जियर्समध्ये काय झालं ते याच्या शेजारी ठेवून बघायला हवं. १७८५ च्या उन्हाळ्यात अल्जियर्सच्या लोकांनी मारिया आणि डॉफिन ही दोन अमेरिकन जहाजं धरली, एकवीस माणसं, आणि त्यातले जे जगले वाचले ते सुटले १७९६ मध्ये. अकरा वर्षं. पूर्वी अमेरिकन जहाजं ब्रिटिशांच्या परवान्यावर भूमध्य समुद्रात फिरायची, स्वातंत्र्य मिळालं तसा तो परवाना गेला, आणि नव्या झेंड्याला तिथे कुणी ओळखत नव्हतं. ज्याच्याशी तह नाही त्याचं जहाज पकडायचं हा त्या समुद्रातला तेव्हाचा रिवाज होता, आणि तो काही फक्त मुसलमान राज्यांचा नव्हता, माल्टाचे ख्रिस्ती सरदारही मुसलमान जहाजांवर हेच करत होते. चांचे म्हटलं की एकाच बाजूची पगडी डोळ्यासमोर येते म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

आता मात्र अमेरिका हलली. काँग्रेसनं या सगळ्या उत्तर आफ्रिकी राज्यांशी तह करायला ८०,००० डॉलर मंजूर केले, लंडनमध्ये बसलेले जॉन अॅडम्स आणि पॅरिसमध्ये बसलेले थॉमस जेफरसन यांनी त्यातले २०,००० मोरोक्कोसाठी ठरवले आणि टॉमस बार्कली यांना पाठवलं. बार्कली जून १७८६ मध्ये माराकेशला पोचले. सुलतानांच्या वतीनं बोलणी ताहिर फन्निश यांनी केली आणि काही दिवसांत तह तयार. तिथला एक प्रसंग बार्कलींनीच लिहून ठेवलाय. पुढे दरवर्षी काही नजराणा, खंडणी वगैरेचं काय, असा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले की मी अमेरिकेची मैत्री द्यायला आणि तुमची घ्यायला आलोय, बरोबरीच्या अटींवर, पण पुढच्या भेटींचं किंवा खंडणीचं बंधन लागणार असेल तर मला तह न करताच परत जावं लागेल. मागे आरमार नाही, खजिना नाही, आणि माणूस हे बोलतोय. आणि सुलतानांनी ते ऐकलं! खंडणीचं कलम आलंच नाही. अल्जियर्सला त्याच सुमारास गेलेले दुसरे वकील जॉन लॅम्ब रिकाम्या हातानं परतले, तिथल्या देयनं, म्हणजे राज्यकर्त्यानं, एकवीस माणसांचेच साठ हजार डॉलरच्या घरात मागितले.

तहाचा मजकूर काढून एकदा सावकाश वाचावा. सुरुवात अल्लाच्या स्तुतीनं, मग सांगितलंय की हा मैत्रीचा करार आम्ही या वहीत लिहायला लावला, शाबान महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी, हिजरी १२००, आणि तो कायम राहील असा ईश्वरावर भरवसा आहे. पंचवीस कलमं, मुदत पन्नास वर्षं. मी ज्या कलमावर सगळ्यात जास्त वेळ थांबतो ते सोळावं. उद्या आपल्यात युद्ध झालं तर पकडलेल्या माणसांना गुलाम करायचं नाही. अदलाबदल करायची, कप्तानाला कप्तान, अधिकाऱ्याला अधिकारी, शिपायाला शिपाई, आणि एका बाजूला माणसं कमी पडली तर माणशी शंभर मेक्सिकन डॉलर द्यायचे, सगळं बारा महिन्यांच्या आत. सिदी मोहम्मद यांनी आयुष्यभर या कैद्यांच्या प्रश्नावर पैसा आणि शक्ती घातली होती, युरोपात अडकलेल्या मुसलमान बंद्यांना सोडवायला ते वकील पाठवत असत, तेव्हा हे कलम त्यांच्या मनातलं आहे असं मी मानतो.

१७८७ च्या जानेवारीत जेफरसन आणि अॅडम्स यांच्या सह्या झाल्या, जुलैत काँग्रेसनं मंजुरी दिली, सुलतानांना आभाराचं पत्र गेलं आणि त्यात विनंतीही केली की शेजारच्या राज्यांशी आमचं जमवून द्यायला मदत करा. सुलतानांनी केली. ट्युनिस आणि त्रिपोलीच्या पाशांना त्यांनी अमेरिकेसाठी शब्द टाकणारी पत्रं लिहिली आणि १७ ऑगस्ट १७८८ ला काँग्रेसला तसं कळवलं. एवढा मोठा बादशहा, आणि ओळखीपाळखीच्या माणसासाठी चिठ्ठी द्यावी तशी चिठ्ठी देतोय, ज्या लोकांनी आपल्याला सात वर्षं ताटकळत ठेवलं त्यांच्यासाठी.

आणि हे पत्र अमेरिकेला पोचलं तेव्हा ज्या सरकारच्या नावानं ते होतं ते सरकारच राहिलेलं नव्हतं. जुनी काँग्रेस संपली होती, नवी राज्यघटना आली होती, ३० एप्रिल १७८९ ला वॉशिंग्टन यांनी शपथ घेतली होती, कोणतं खातं कोण बघणार हेसुद्धा अजून ठरत होतं. पत्र उत्तराविना पडून राहिलं. पुन्हा.

म्हणून १ डिसेंबरच्या त्या पत्राचा मायना "थोर आणि उदार मित्र" असा असला तरी खरं पत्र सुरू होतं ते कारण सांगण्यापासून. आमच्या लोकांनी सरकार बदलायचं ठरवलं, नव्या घटनेची प्रत सोबत जोडतोय, या मोठ्या पण शांततेत झालेल्या उलथापालथीत जो वेळ गेला, जी विस्कळ झाली, त्यामुळे तुम्हाला आमच्याकडून नियमित खबर आणि आदर पोचला नाही, आधीचं सरकार विसर्जित झाल्यानं तुमचं पत्र अनुत्तरित राहिलं, ते आता माझ्याकडे आलंय. मग पाशांना लिहिलेल्या पत्रांबद्दल आभार. मग खाणी नाहीत ते वाक्य.

पत्रासोबत राज्यघटना जोडली ही गोष्ट मला विलक्षण वाटते. त्या काळात सुलतानाला काय पाठवायचे लोक, घड्याळं, रत्नं, तोफा, रेशमी कापड. यांनी कागद पाठवला. ज्यात राजा नाही, वारस नाही, अध्यक्ष चार वर्षांनी बदलू शकतो, आणि सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की कुठल्याही सरकारी पदासाठी धर्माची अट लावली जाणार नाही. तेव्हा ऱ्होड आयलंड अजून संघराज्यात आलंसुद्धा नव्हतं, नागरिकांच्या हक्कांच्या दुरुस्त्या राज्यांकडे मंजुरीला गेल्या होत्या पण मंजूर नव्हत्या. घर अर्धं बांधलेलं, आणि नकाशा शेजाऱ्याला दाखवायला घेऊन गेले. आम्ही कोण आहोत हे विचारताय ना, हे बघा, हे आम्ही. माझ्या मते देश नावाची गोष्ट तोफा डागून जेवढी उभी राहते तेवढीच अशा कागदांनीही उभी राहते, कुणीतरी आपल्याला देश समजून पत्र लिहितं आणि आपल्याला देशासारखं उत्तर देता यावं लागतं.

पण त्याच घटनेत हेही लिहिलं होतं की गुलामांची आयात १८०८ पर्यंत बंद करता येणार नाही, आणि वॉशिंग्टन यांच्या न्यूयॉर्कच्या घरात गुलाम माणसं कामाला होती. हे बाजूला ठेवून मला त्या पत्राचं कौतुक करता येत नाही. पत्र निघाल्यावर दोन महिनेही झाले नव्हते, जानेवारी १७९० मध्ये, साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळापुढे काही माणसांचा अर्ज आला. आम्ही मोरोक्कोच्या बादशहाची प्रजा आहोत, असं ते म्हणत होते, लढाईत पकडले गेलो, फसवून इथे आणून विकले गेलो, पुढे कष्ट करून स्वतःला सोडवून घेतलं, आता आमच्यावर खटला चालला तर तो गुलामांच्या कायद्याखाली नको, इतर नागरिकांसारखा चालवा. सभागृहानं ते मान्य केलं. म्हणजे माराकेशच्या सुलतानाचं नाव साउथ कॅरोलायनात काही माणसांच्या पाठीशी उभं राहिलं, आणि ज्यांच्या पाठीशी कुठलाच सुलतान नव्हता ती हजारो माणसं होती तिथेच राहिली. सोळावं कलम लिहिणारे आणि त्यावर सही करणारे यांच्यातलं हे अंतर मला फार लागतं.

एप्रिल १७९० मध्ये सिदी मोहम्मद वारले. गादीवर आलेला मुलगा यझीद दोनच वर्षं टिकला, पुन्हा भाऊबंदकी, आणि अखेर दुसरा मुलगा सुलेमान याचं बस्तान बसलं. अमेरिकेला धास्ती होती की बापाचा तह पोरगा पाळेल का. १७९५ च्या ऑगस्टमध्ये सुलेमाननं वॉशिंग्टन यांना कळवलं की वडिलांच्या वेळी होता तसाच स्नेह आणि शांतता आमच्यात आहे. दोन वर्षांनी टँजिअरला अमेरिकेची वकिलात उघडली, आणि १८२१ मध्ये सुलेमान यांनी तिथे एक इमारतच अमेरिकेला भेट दिली, अमेरिकन सरकारची परदेशातली पहिली मालमत्ता ती हीच. मधे १८०२ मध्ये खटके उडाले, मोरोक्कोनं युद्ध पुकारलंसुद्धा, पण ते १८०३ पर्यंत निवळलं.

अमेरिकेनं त्रिपोलीशी केलेल्या तहाचं अकरावं कलम बऱ्याच जणांना ठाऊक असतं, अमेरिकेचं सरकार कोणत्याही अर्थानं ख्रिस्ती धर्मावर उभारलेलं नाही आणि मुसलमानांच्या धर्माशी त्याचं वैर नाही असं सांगणारं, जे सिनेटनं १७९७ मध्ये एकमतानं मंजूर केलं. ते कलम मोठंच आहे, वाद घालायला उपयोगीही आहे. मला मात्र वॉशिंग्टन यांचं पत्र जास्त जवळचं वाटतं कारण त्यात धर्माचा वाद निघतच नाही, शेवटी फक्त ईश्वर तुमचं रक्षण करो, तुम्हाला वाट दाखवो एवढंच लिहिलंय, जे दोघांनाही म्हणता येतं.

आपला या सगळ्याशी काय संबंध, तर थोडा आहे. १७७७ मध्ये, म्हणजे सुलतानांनी बंदरं उघडली त्याच वर्षी, सें ल्युबां हा फ्रेंच माणूस पुण्याच्या दरबारात येऊन बसला होता आणि नाना फडणवीस त्याची बडदास्त ठेवत होते, मुंबईच्या इंग्रजांची त्यानं झोप उडाली होती. इंग्रजांना शह द्यायला जो तो नवे मित्र शोधत होता, पॅरिसमध्ये, पुण्यात, माराकेशमध्ये. आणि पुढे १८३३ मध्ये अमेरिकेनं मस्कतच्या सय्यद सईद यांच्याशी तह केला, त्यानंतर १८४० मध्ये त्यांनी एक जहाज न्यूयॉर्कला धाडलं, 'सुलताना' नावाचं, अहमद बिन नामान हे त्यावरचे त्यांचे वकील. अरबी झेंडा लावून न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागलेलं ते जहाज बांधलं होतं आपल्या माझगावच्या गोदीत. माझगावच्या रस्त्यानं जाताना मला हे नेहमी आठवतं आणि बरोबर जो कुणी असेल त्याला मी ते सांगतोच.

मोरोक्कोच्या तहाची पन्नास वर्षं १८३६ मध्ये भरली आणि त्याच वर्षी मेक्नेसला तो नव्यानं झाला. त्यात मुदतीची सोय जरा वेगळी केली, पुन्हा पन्नास वर्षं, आणि ती संपल्यावरही दोघांपैकी एकानं बारा महिने आधी नोटीस देईपर्यंत तह चालूच राहील. ती पन्नास वर्षं १८८६ मध्ये संपली. नोटीस आजपर्यंत कुणीच दिलेली नाही.